एचओ मापात बॉक्सएन वाघीण: सांगाड्यापासून कोळशाच्या मळापर्यंत

आउटर_सिग्नल

भारतीय मालगाडीचं एचओ मापात (१:८७) मॉडेल करायचं तर सुरुवात बॉक्सएनपासून, म्हणजे कोळसा वाहणाऱ्या उघड्या वाघिणीपासून, करावी असं माझं ठाम मत आहे. छप्पर नाही, आकार सरळ चौकोनी आणि एकदा साचा बसला की एकीसारख्या दहा निघतात. या धाग्यात फक्त बांधणी, रंग आणि मळवणं यावर बोलू. लेआउटची चर्चा नको.

आधी मापं. खरी बॉक्सएन हेडस्टॉक (टोकाची आडवी तुळई) ते हेडस्टॉक ९७८४ मिमी, कपलरसकट (डबे जोडायच्या आकड्यासकट) १०७१३ मिमी, रुंदी ३२०० मिमी, रुळापासून वरच्या काठापर्यंत ३२२५ मिमी. दोन बोगींच्या (वाघिणीखालच्या चाकांच्या फिरत्या गाड्यांच्या) मध्यांमधलं अंतर ६५२४ मिमी. आतली रुंदी २९५० आणि आतली खोली १९५० मिमी. १:८७ ने भागलं की अंग ११२.५ मिमी लांब, ३६.८ मिमी रुंद, आतली खोली २२.४ मिमी, रुळापासून उंची ३७.१ मिमी आणि बोगीमध्य बरोबर ७५ मिमी येतात. ही मापं कागदावर लिहून पट्टीजवळ चिकटवा. दरवेळी भागाकार करत बसलं की चूक होतेच.

आता बाहेरची रुंदी ३६.८ आणि आतली ३३.९, म्हणजे एका बाजूला जेमतेम १.४५ मिमी. पत्रा आणि उभे खांब दोन्ही एवढ्यातच बसवायचे आहेत. बरेच जण बाजूंना १ मिमी स्टायरिन (प्लास्टिकची शीट) वापरतात आणि खांब लावल्यावर वाघीण जाडजूड दिसते. बाजूंना ०.५ मिमी शीट घ्या आणि खांब ०.९ ते १ मिमी पुढे येणारे ठेवा. तळाला ०.५ मिमीच्या दोन शीट लागतील, त्यांच्या मधे वजन जाईल.

खांब किती आणि किती अंतरावर, हे वाघिणीच्या अगदी समोरून काढलेल्या फोटोवरून मोजा. तिरप्या फोटोवरून मोजू नका, लांबच्या टोकाचे खांब जवळ जवळ दिसतात. पुठ्ठ्यावर किंवा ॲक्रिलिकच्या तुकड्यावर खांबांच्या जागी खाचा पाडून पट्टी करा आणि सगळ्या वाघिणींच्या सगळ्या बाजू एकाच पट्टीने आखा. दोन वाघिणी शेजारी उभ्या राहिल्या की अर्ध्या मिलिमीटरचा फरकही डोळ्यात येतो.

---

सांधेवाला

०.५ मिमी शीटवर एकाच बाजूने खांब चिकटवले की शीट वाकते, याबद्दल लिहायला हवं. चिकटवायला वापरतो तो द्रावक प्लास्टिक विरघळवतो आणि वाळताना ती बाजू आखडते. दुसऱ्या दिवशी बाजू केळ्यासारखी झालेली असते.

उपाय साधा आहे. शीट काचेवर कागदी टेपने चारी कडांनी पक्की करा. खांब जागेवर ठेवा आणि बारीक ब्रशने द्रावकाचा एकच थेंब खांबाच्या कडेला टेकवा. तो आपोआप आत ओढला जातो. खांबाखाली आधीच द्रावक फासायचा नाही. सगळे खांब लागले की वर दुसरी काच आणि त्यावर दोन-तीन जाड पुस्तकं ठेवून २४ तास तशीच राहू द्या. घाई करून चार तासांत उचललं तर वाकतंच.

तळाच्या दोन शीट एकमेकींवर चिकटवतानाही हाच त्रास. मधे अडकलेला द्रावक बाहेर पडायला वाट नसेल तर आठवड्याभराने पृष्ठभागावर फुगवटा येतो. खालच्या शीटला दर दोन सेंटिमीटरवर १ मिमीची भोकं पाडा.

---

लोखंडी_पाटी

वजनाचं गणित देतो. एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याला १ औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला आणखी अर्धा औंस. ११२.५ मिमी म्हणजे ४.४३ इंच, म्हणून ३.२ औंस, साधारण ९१ ग्रॅम. स्टायरिनचं नुसतं अंग ८-९ ग्रॅम भरतं, त्यामुळे बाकी सगळं बाहेरून आणायचं.

उघड्या वाघिणीची अडचण ही की वजन लपवायला जागा नाही. तळाच्या दोन शीटमधे १ मिमी शिशाचा पत्रा, ११० × ३२ मिमी, ठेवलात तर ४० ग्रॅम मिळतात. तेवढ्याच मापाचा १ मिमी लोखंडी पत्रा २७-२८ ग्रॅमचा होतो. आतला तळ या सगळ्याने दीडेक मिमी वर येतो, २२ मिमी खोलीत ते कळत नाही. बोगींच्या मधल्या सिलच्या (तळाखालच्या मुख्य तुळईच्या) पोकळीत शिशाची पट्टी भरली की आणखी १०-११ ग्रॅम. धातूची चाकं धरून रिकामी वाघीण ७५ ग्रॅमच्या आसपास थांबते. कोळशाचा काढता-घालता येणारा तुकडा १५ ग्रॅमचा केला की भरलेली वाघीण शिफारशीला पोचते.

रिकाम्या ७५ ग्रॅमच्या असल्या तरी चालतील, पण सगळ्या सारख्या हव्यात. पुढे ६० ग्रॅमची आणि मागे ९० च्या दहा असतील तर वळणावर पुढची आत ओढली जाऊन रुळावरून उतरणार.

शिसं चिकटवायला पांढरा लाकूडगोंद कधीही वापरू नका. बंद पोकळीत शिशाची त्या गोंदाशी प्रक्रिया होते, पांढरी भुकटी तयार होऊन ती फुगते आणि वर्ष-दोन वर्षांत तळाचा सांधा उकलतो. दोन भागांचा इपॉक्सीच वापरा. शिसं कात्रीने कापा, पॉलिश पेपरने घासू नका, आणि नंतर हात साबणाने धुवा.

---

डाउन_होम

चाकं कुठली घ्यायची? खरं चाक १००० मिमी, म्हणजे ११.५ मिमी हवं. बाजारात सहज मिळतात ती अमेरिकी ३३ इंची आणि ३६ इंची.

---

आउटर_सिग्नल

३६ इंची घ्या. ते ९१४ मिमी होतं. बॉक्सएनचं चाक नवं असताना १००० आणि झिजून बाद होतं ९०६ मिमीला, म्हणजे ३६ इंची चाक हे खूप झिजलेलं पण अजून चालणारं चाक झालं. ३३ इंची मात्र ८३८ मिमी, ते पाहताक्षणी बारीक वाटतं आणि वाघीणही खाली बसते.

गेजचा (दोन रुळांमधल्या अंतराचा) प्रश्न कोणीतरी काढेलच म्हणून आताच लिहितो. १६७६ मिमी गेज १:८७ मध्ये १९.२६ मिमी होतो आणि आपण चालवतो १६.५ मिमी रुळावर. समोरून पाहिलं तर चाकं आत गेलेली दिसतात. पण बॉक्सएनच्या कासनब बोगीत जर्नलमध्यांमधलं (आसाची दोन टोकं जिथे टेकतात त्यांमधलं) अंतर २२६० मिमी आहे, मापात २६ मिमी. एचओचा टोकदार आस साधारण साडेपंचवीस मिमीचा असतो. म्हणून बोगीच्या बाजू आपोआप जवळपास योग्य जागी येतात. बाजूने पाहताना गेजची तडजोड दिसतच नाही.

---

सांधेवाला

बोगीबद्दल सविस्तर लिहितो, कारण मॉडेल नीट धावणं इथेच ठरतं.

कासनबचा चाकतळ (एका बोगीतल्या दोन आसांमधलं अंतर) २००० मिमी, म्हणजे २३ मिमी. तयार मिळणाऱ्या अमेरिकी १०० टनी बोगीचा ५ फूट १० इंच, म्हणजे २०.४ मिमी. अडीच मिमीचा फरक लपत नाही, बोगी आखूड वाटते. म्हणून रेझिन थ्रीडी प्रिंटरवर बाजू छापून घेणं हाच आज सोपा मार्ग आहे. मधल्या स्प्रिंगांच्या खोबणीतल्या स्प्रिंगा वेगवेगळ्या दिसतील अशा काढा, ती खोबणी भरीव राहिली तर बोगी खेळण्यातली वाटते.

छापताना दोन गोष्टी सांभाळा. रेझिन क्युअर होताना थोडं आकुंचन पावतं, म्हणून आधी एक बाजू छापून कॅलिपरने २३ मिमी येतात का ते बघा आणि त्या प्रमाणात फाइल मोठी करा. दुसरं, आस थेट रेझिनच्या भोकात फिरवू नका. थोड्या दिवसांत भोक झिजून मोठं होतं. २ मिमी व्यासाच्या पितळी टोकदार बेअरिंग कप मिळतात, त्यासाठी २ मिमीच्या ड्रिलने हाताने भोक साफ करून ते दाबून बसवा आणि सायनोॲक्रिलेटचा (सुपरग्लूचा) कण बाहेरून लावा. कपाच्या आत गेला तर तो कप काढून टाकायचा, साफ होत नाही.

तपासायला वाघीण काचेवर ठेवा. चारही आसांची चाकं काचेला टेकली पाहिजेत. त्यासाठी एका बोगीचा स्क्रू पूर्ण आवळून अर्धा फेरा सैल करा, म्हणजे ती फक्त वळेल. दुसऱ्या बोगीचा स्क्रू आणखी सैल ठेवा, म्हणजे ती वळेल आणि डावी-उजवीकडे डुलेलही. दोन्ही सैल ठेवल्या तर वाघीण झोके खाते, दोन्ही घट्ट केल्या तर सांध्यावर एक चाक हवेत राहतं.

---

तिसरी_घंटा

कपलर कुठल्या उंचीवर लावता? यावर इथे एकमत व्हायला हवं, नाहीतर एकाची वाघीण दुसऱ्याच्या गाडीला लागणार नाही.

---

लोखंडी_पाटी

भारतीय सीबीसीची (खऱ्या वाघिणीच्या कपलरची) उंची रिकाम्या वाघिणीला जास्तीत जास्त ११०५ मिमी आणि भरलेल्याला कमीत कमी १०३०. मापात १२.७ आणि ११.८ मिमी. केडी या अमेरिकी कंपनीच्या मॉडेल कपलरची ठरलेली उंची २५/६४ इंच, म्हणजे ९.९ मिमी. जवळपास तीन मिमी खाली. केडीच्या उंचीवर लावलं की हेडस्टॉकच्या खाली कपलर लोंबल्यासारखा दिसतो.

माझा कौल तरीही ९.९ ला आहे. उंची मोजायचा गेज तयार मिळतो, विकत घेतलेलं इंजिन लगेच जोडता येतं आणि कोणाच्याही लेआउटवर गाडी नेता येते.

---

आउटर_सिग्नल

इथे माझं मत वेगळं आहे. बॉक्सएन कधी एकटी धावत नाही. ती रेकमधेच (एकत्र जोडलेल्या वाघिणींच्या अख्ख्या गाडीत) दिसते आणि रेक एकाच घराचा असतो. मग मधले सगळे कपलर १२.७ वर लावा, फक्त इंजिनाकडच्या पहिल्या वाघिणीला पुढच्या टोकाला ९.९ चा लावा. एकाच वाघिणीत तडजोड होते, बाकीचा रेक खरा दिसतो. १२.७ साठी पितळी पट्टीला खाच पाडून गेज घरी करता येतो, फक्त तो प्रत्येक टोकाला लावून बघायचा.

हेडस्टॉकपासून कपलरचं तोंड किती पुढे यावं हेही मोजा. १०७१३ मधून ९७८४ वजा करून अर्धे केले की ४६४ मिमी, मापात ५.३ मिमी. तयार पेटी हेडस्टॉकला टेकवून लावली की कपलर याहून पुढे येतो आणि वाघिणींमधली फट मोठी दिसते. पेटी आत सरकवा, पण घरातल्या सर्वांत लहान वळणावर दोन वाघिणींचे कोपरे घासत नाहीत ना हे ढकलून बघा.

---

वाफारा

रंगावर येऊ या.

अंग भांडी घासायच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुवून रात्रभर वाळवा. बोटांचा तेलकटपणा राहिला तर रंग मास्किंग टेपबरोबर उचलून येतो. करडा प्राइमर पातळ मारा. प्राइमरवर कापलेल्या कडांचे ओरखडे आणि द्रावकाचे डाग स्पष्ट दिसतात, ते याच टप्प्यावर ६०० आणि मग १००० च्या पॉलिश पेपरने पाण्यात भिजवून काढा.

मूळ रंग लालसर तपकिरी, रेड ऑक्साइडकडे झुकणारा. बाटलीतला तसाच मारू नका. छोट्या मॉडेलवर तोच रंग गडद दिसतो, म्हणून दहा भागांत एक भाग फिकट करडा मिसळा. आणि रेकमधल्या दर तीन वाघिणींना मिश्रण थोडं बदला, कधी पिवळ्याचे दोन थेंब, कधी करड्याचे. खऱ्या रेकमध्ये एका दिवशी रंगलेल्या सगळ्या वाघिणी एकत्र कधीच नसतात.

एअरब्रशला ०.३ मिमी नोझल, दाब १५ ते २० पीएसआय, अंतर १०-१२ सेंमी. रंग दुधाइतका पातळ. आतल्या कोपऱ्यांत हवा उलटी फिरते आणि रंग कोरडा पडून खरखरीत होतो. तिथे दाब १२ पर्यंत उतरवा आणि आधी चार आतले कोपरे, मग सपाट भाग असा क्रम ठेवा.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात मॅट वार्निश मारणं टाळा. दमट हवेत ते पांढरट धुक्यासारखं उमटतं. थांबणं शक्य नसेल तर बंद खोलीत तासभर एसी चालवून मग मारा आणि वाळेपर्यंत वाघीण तिथेच ठेवा.

---

डाउन_होम

पांढरी अक्षरं कशी करता? लेझर प्रिंटर पांढरा छापत नाही.

---

वाफारा

दोन मार्ग. पांढऱ्या टोनरवर डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ छापील पाटी) छापून देणारे मिळाले तर उत्तम, कागद पारदर्शक घ्यायचा.

नाही मिळाले तर पांढऱ्या डेकल कागदावर वाघिणीच्या रंगाची पाटी छापा आणि अक्षरं कोरी सोडा. कागदाचा पांढरा हीच अक्षरं. छापलेला तपकिरी आणि मारलेला तपकिरी जुळायला पाच-सहा छटांची पट्टी आधी छापून वाघिणीशेजारी उन्हात धरा. ट्यूबलाइटखाली जुळलेली छटा उन्हात हमखास वेगळी दिसते. पाटी दोन खांबांच्या मधे बरोबर मावेल अशीच कापा, म्हणजे तिची कड खांबाला लागून लपते. कडेला पांढरी रेघ दिसली तर त्याच तपकिरीने बारीक ब्रश फिरवा. इंकजेटवर छापलं असेल तर पाण्यात टाकण्याआधी क्लिअर वार्निशचे तीन पातळ थर द्या, नाहीतर शाई वाहून जाते.

डेकल नेहमी चकचकीत थरावर लावा. मॅट पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि वाळल्यावर चंदेरी डाग दिसतो. तो आलाच तर सुईने टोचून मऊ करणारं द्रावण लावा.

---

लोखंडी_पाटी

नंबर मनाने लिहू नका, ही कळकळीची विनंती. अकरा आकड्यांना अर्थ आहे. पहिले दोन वाघिणीचा प्रकार, बॉक्सएनला १०. पुढचे दोन मालक रेल्वे, मध्य रेल्वे ०१, पश्चिम ०८. पुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार आकडी अनुक्रमांक आणि शेवटी पडताळणीचा आकडा.

तो असा काढतात. पहिल्या दहा आकड्यांतल्या सम स्थानांच्या आकड्यांची बेरीज करून तिला ३ ने गुणा, त्यात विषम स्थानांची बेरीज मिळवा. पुढच्या दहाच्या पटीला जितके कमी पडतात तो अकरावा आकडा. उदाहरणासाठी १० ०१ ०६ २३४७ घेऊ. सम स्थानं ०, १, ६, ३, ७, बेरीज १७, तिप्पट ५१. विषम स्थानं १, ०, ०, २, ४, बेरीज ७. एकूण ५८, साठला दोन कमी. म्हणून पूर्ण नंबर १००१०६२३४७२. बेरीज नेमकी दहाच्या पटीत आली तर शेवटी शून्य.

टेअर (रिकामं वजन) २२.४७ टन आणि क्षमता ५८.८१ टन, एकूण ८१.२८. म्हणजे चार आसांवर प्रत्येकी २०.३२.

---

घाटमाथा

मळवण्याबद्दल माझं सांगणं एकच: आधी ती वाघीण काय काम करते ते समजून घ्या, मग ब्रश उचला.

औष्णिक वीज केंद्रात बॉक्सएन टिपलरवर रिकामी होते. अख्खी वाघीण वरून पकडून आडवी फिरवतात. म्हणून वरच्या काठावर पकडीच्या जागी रंग खरवडलेला, काठ थोडा दबलेला. काठाची पट्टी लावण्याआधी सपाट पक्कडीने दोन-तीन जागी किंचित चिमटून घ्या. रंगवून झाल्यावर तिथेच स्पंजच्या तुकड्याने गडद तपकिरीचे टिपके द्या, आणि अगदी मधे मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. आतून लोखंड उघडं पडल्यासारखं दिसतं.

कोळशाच्या दाबाने खांबांमधला पत्रा बाहेर फुगतो. सगळे फुगवायचे नाहीत, एका बाजूचे दोन-तीन पुरे. हे जोडणीच्या आधीच करायचं. चमच्याची गोल पाठ गरम पाण्यात धरून आतून हलके दाबा. चमचा आगीवर तापवलात तर ०.५ मिमी शीटला भोक पडेल.

ओला, गंधकाचा अंश असलेला कोळसा पत्र्याचा खालचा भाग खातो. तिथे ठिगळं मारून वेल्डिंग केलेलं असतं. ०.१३ मिमी स्टायरिनचे चौकोनी तुकडे तळाजवळ, कडा अजिबात न घासता लावा. ठिगळाचा रंग बाकी अंगापेक्षा ताजा ठेवा. माझ्या मते हे एक ठिगळ दहा थर गंजापेक्षा जास्त सांगून जातं.

आतली बाजू काळी रंगवू नका. रिकामी वाघीण आतून करडी-तपकिरी असते, घासून गुळगुळीत झालेली, काळेपणा फक्त कोपऱ्यांत आणि तळाला साचलेला. सपाट तपकिरीवर आधी उभे करडे पुसट फराटे ओढा, मग काळी भुकटी चार कोपऱ्यांत ब्रशने भरा.

तैलरंगाचा वॉश (अगदी पातळ केलेला रंग) द्यायचा तर खाली क्लिअरचा थर हवाच, आणि टर्पेंटाइन सांध्यात साचू देऊ नका. ताण असलेल्या सांध्यावर ते मुरलं की स्टायरिन तडकतं. ब्रश फडक्याला टेकवून मग अंगाला लावा.

---

तिसरी_घंटा

भरलेल्या वाघिणीतल्या कोळशाचा ढीग कसा करता? खडे किती मोठे?

---

घाटमाथा

खरा कोळसा कुटा. रंगवलेली वाळू चमकत नाही. १०० मिमीचा खडा मापात १.१५ मिमी होतो. चहाच्या गाळणीतून पडलेला चुरा तळाला आणि गाळणीवर राहिलेले बारीक खडे वर. थर्माकोलचा तुकडा कापून काळा रंगवा, पण ॲक्रिलिकनेच, स्प्रेच्या डब्यातला द्रावक थर्माकोल खाऊन टाकतो. वर गोंद पसरून चुरा दाबा, मग अर्धा पाणी अर्धा गोंद, त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब, ड्रॉपरने सोडा. तळाशी लोखंडी वॉशर चिकटवलं की वजनही होतं आणि लोहचुंबकाने तुकडा उचलताही येतो.

ढिगाचा आकार भरण्याच्या पद्धतीवर ठरतो. सायलोखालून (कोळशाच्या उंच कोठीखालून) भरलेली वाघीण सपाट, एकसारखी भरते. लोडरच्या बकेटने भरलेलीत दोन-तीन उंचवटे आणि मधे खळगे असतात. एका रेकमध्ये दोन्ही प्रकार मिसळू नका.

---

डाउन_होम

हा रेक ओढायला डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन करायचं म्हटलं तर खालचा ड्राइव्ह (मोटर आणि चाकांचा तयार सांगाडा) कुठला घ्यावा?

---

सांधेवाला

मूळ इंजिन अमेरिकी ॲल्को कंपनीचं, आणि बोगी ट्रायमाउंट. मधला आस बरोबर मध्यावर नसतो. म्हणून ट्रायमाउंटचाच ड्राइव्ह शोधा, ॲल्कोच्या आरएसडी-५ किंवा आरएसडी-१५ च्या एचओ मॉडेलचा. समान अंतराच्या तीन आसांचा ड्राइव्ह स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. ड्राइव्ह उघडला तर बोगी काढण्याआधी तिच्या पुढच्या टोकाला टेपचा तुकडा लावा, उलटी बसली तर आसांची अंतरं चुकतात.

बफरसकट लांबी १७१२० मिमी, मापात १९७ मिमी. चौकट त्याप्रमाणे कमी-जास्त करावी लागेल. चाक १०९२ मिमी, म्हणजे साडेबारा मिमी हवं, अमेरिकी ४० इंची पावणेबारा भरतं. ते तसंच राहू द्या. मोठी चाकं घातली की गिअरची जुळणी आणि उंची दोन्ही बिघडतात. कठडे ०.४ मिमी फॉस्फर ब्राँझ तारेचे करा, पितळ हात लागला की वाकलेलं राहतं.

---

वाफारा

इंजिनावर पट्टे असतील तर फिकट रंग आधी. पांढऱ्या प्राइमरवर पिवळा किंवा क्रीम, दोन दिवस वाळवून टेप, मग टेपच्या कडेवर पुन्हा तोच फिकट रंग एक झुळूक. तो फटीत शिरून कड बंद करतो आणि वरचा गडद रंग आत झिरपत नाही. टेप गडद रंग पूर्ण वाळायच्या आत, स्वतःवर दुमडून सपाट ओढा. जुन्या मॉडेलचा रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, आधी आतल्या बाजूला थेंब टाकून तासभर बघा.

---

आउटर_सिग्नल

लांबीचा हिशेब राहिला होता. ५८ वाघिणींचा रेक १:८७ मध्ये सात मीटरच्या वर जातो. बारा वाघिणी म्हणजे दीड मीटर, मागे ब्रेकव्हॅन, आणि घरातल्या खोलीत नजरेला तो रेकच वाटतो. बाजू कापताना मात्र बाराच्या २४ नाही, २८ कापा. दोन-तीन तरी वाकतात आणि पुन्हा पट्टी लावून कापलेल्या बाजूचे खांब जुळवताना फार वेळ जातो.